निंबाखालची पोरं

३० एप्रिल, बुधवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

काल संध्याकाळीच निंबाला झोका बांधून घेतला. आमच्या खान्देशात झोक्याशिवाय आखाजी झाली असं कुणी म्हणणार नाही. गल्लीत माहेरी आलेल्या लेकीबाळींचे उंच झोके वेगळे. हा आमचा बुटका. दोर सुती घेतला. नायलॉनचा स्वस्त पडतो, पण पोरांच्या तळहाताची साल काढतो आणि फांदीवर गाठही सरकते. बसायला गोणपाटाची जाड घडी. उंची एवढीच, की बसलेल्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

नियम एकच. ज्याला आपणहून चढता येतं त्यानं बसायचं. मी कुणाला उचलून बसवत नाही. जे पोर स्वतः चढतं त्याला उतरायचंही कळतं. चढवून दिलेलं पोर वर घाबरतं, आणि मग पडतं तेही वाईट पडतं. ओट्याला हाच नियम, झाडाच्या खालच्या फांदीलाही हाच. बंड्या सकाळभर झोक्याभोवती फिरला. त्यावर पोटावर आडवा पडला, लोंबकळला, घसरला, पुन्हा आला. बसला नाही. त्याच्या आजीनं कुंपणावरून पाहिलं आणि ओरडली, "अवं माय, बसाड ना त्याले!"

मी म्हटलं, "बसी तो. आज नही ते सकाय."

म्हातारी नाराज होऊन गेली. तिच्या मते मी पैसे घेते आणि नुसती बसून राहते. अगदी खोटं नाही ते. मी बसतेच. फक्त कुठे बसायचं हे ठरलेलं असतं.

सध्या चार पोरं येतात. साडेचार वर्षांची ताई. सगळे तिला ताईच म्हणतात, तिचे आईबापसुद्धा. बंड्या आणि चिंगी साडेतीनच्या आतबाहेर. ठमी दीड वर्षाची, चालते कमी आणि चाखते जास्त. आया कामावर: एक बँकेत, दोघी शिक्षिका, एक जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहिते.

२ मे, शुक्रवार

पाचवा आला. गोट्या, अडीच वर्षांचा. आई दवाखान्यात नोकरीला. डब्याबरोबर एक जुना मोबाइलही देऊन गेली. "मावशी, हा लावल्याशिवाय घास घेत नाही तो."

मी तिला तोंडावर सांगितलं, की मोबाइल कपाटात राहील आणि संध्याकाळी परत मिळेल.

"आणि जेवला नाही तर?"

"तर आज नाही जेवला."

ती अर्धी पटून, अर्धी घाबरून गेली. अकराला गोट्यानं ताट ढकललं. रडला चांगला अर्धा तास, आणि आवाजही काय, अगदी खळ्यावर पाखरं हाकणाऱ्याचा! मी शेजारी बसून राहिले. गप्प कर म्हटलं नाही, बघ बघ चिऊ आली असंही केलं नाही. रडू संपल्यावर त्याचं लक्ष ओसरीच्या कडेला गेलं. तिथे वळचणीखाली पाऊस कधी पोचत नाही, माती पिठासारखी बारीक असते, आणि तिच्यात उलट्या टोपीसारखे खड्डे. खड्ड्याच्या तळाशी एक किडा दबा धरून असतो. मुंगी कडेवर आली की माती घसरते, मुंगी खाली, आणि खालून तो मातीचे कण उडवतो की ती वर चढूच शकत नाही. चिंगी काडीनं खड्ड्याची कड हळूच कुरवाळत होती. आतून माती उडाली. गोट्याचं तोंड उघडंच राहिलं. त्या उघड्या तोंडात त्यानंच हातातला भाकरीचा तुकडा घातला. भाकरी चिंगीच्या ताटातली.

घरी गेल्यावर पुन्हा मोबाइलच मागितला म्हणे. मागणारच. एका किड्यानं काय होतं!

५ मे, सोमवार

ऊन असं की कावळासुद्धा सावली धरून बसलाय. जळगाव जिल्ह्यात मे म्हणजे ४४ अंश, कधी त्याच्याही वर. अशा दिवसांत "निसर्गात खेळणं" सकाळी सात ते नऊ. त्यानंतर सगळी आत. मागची खोली जुन्या धाब्याची, मातीचं छत, तिथे कूलरपेक्षा बरं वाटतं. दाराला तरटाचा पडदा, त्यावर तासातासाला पाणी.

दुपारी घमेल्यात पाणी, दोन डाव, एक चाळण, एक नरसाळं, औषधाची रिकामी बाटली. चाळणीनं बाटली भरायचा उद्योग बंड्यानं किती वेळ केला, देव जाणे. ताईनं सांगितलं, "त्यातून गळतं." तो म्हणाला, "गळू दे." आणि पुन्हा चाळण बुडवली. मग चाळण बाटलीवर धरून वरून डावानं पाणी ओतलं. थोडं आत गेलं! ह्याला मी शोध म्हणते. मी तोंड उघडलं असतं तर हा शोध माझा झाला असता, त्याचा नाही.

पाण्याजवळून मात्र मी हलत नाही. फोन वाजू दे, दार वाजू दे. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहान पोराला पुरतं. डोकं जड असतं, वाकलं की उलटं जातं, आवाजही होत नाही. खेळ झाला की घमेलं लगेच पालथं. अंगणातल्या हौदावर लोखंडी झाकण आणि वर पाटा.

९ मे, शुक्रवार

सकाळी सगळ्यांना घेऊन मागच्या शेतात. कापसाच्या काळ्या रानाला भेगा पडल्यात, काहींत माझा हात कोपरापर्यंत जातो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आवळते, म्हणून फाटते. पोरांना हे सांगितलं नाही. त्यांनी काड्या टाकून पाहिल्या, खडे टाकले, कान लावून ऐकलं. चिंगीनं घरून आणलेला चमचा टाकला. तो टण् करून कुठेतरी अडकला, दिसेना.

चिंगी बराच वेळ पालथी पडून आत डोकावत राहिली. "अंधार कुठपर्यंत आहे?" मला उत्तर आलं नाही.

भेगेत हात घालू दिला नाही, विंचू असतात. काडी चालेल, हात नाही म्हणजे नाहीच. हा आमचा दुसरा नियम म्हणायला हरकत नाही.

चिंगीच्या आईला चमच्याचा हिशेब संध्याकाळी द्यावा लागला. स्टीलचा होता.

१४ मे, बुधवार

"मावशी, आज काय शिकवलंत?"

रोजचा प्रश्न. शेजारच्या पेठेत एक नर्सरी निघालीय, तिच्या फलकावर तीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी नाही, टॅब आहे. तिथली पोरं म्हणे शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतात. बंड्याच्या आईला धास्ती, की हा मागे पडेल. मी तिला बंड्याची बोटं दाखवली. दोन महिन्यांपूर्वी त्याला बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. आता ओल्या मातीची वळी वळतो, चिंचोके चिमटीत धरून एकेक बरणीत टाकतो, टाकताना मोजतोही, "चार"नंतर "सात" म्हणतो एवढंच. उद्या पेन्सिल ह्याच चिमटीत धरायची आहे. चिमूट तयार नसताना पेन्सिल दिली की पोर ती मुठीत आवळतं, दाबून लिहितं, हात दुखतो आणि मग लिहायचंच नको म्हणतं. अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, अशी पोरं पुष्कळ पाहिली.

तिला बालवाडीवाल्या ताराबाई मोडकांचं नाव माहीत नव्हतं. तिचा काय दोष? डी.एड.च्या परीक्षेपुरतं नाव असतं, नंतर विसरलं जातं. गिजुभाई बधेका वकिली सोडून पोरांत बसले, १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. मिशीवाली आई म्हणायचे लोक त्यांना. ताराबाई राजकोटच्या कॉलेजची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून तिथे गेल्या. पण मला त्यांचं खरं मोठेपण वाटतं ते पुढचं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि दोघींच्या लक्षात आलं, की माँटेसरीबाईंची ती गुळगुळीत लाकडी साधनं ह्या गावाला परवडायची नाहीत. मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, माती, जे हाताशी होतं त्यातूनच साधनं केली. पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडी उठवून त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं तिथेही येईनात, तर गुरं चरायची त्या कुरणातच शाळा भरवली. १९५७ साली हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताईंचं "कोसबाडच्या टेकडीवरून" माझ्याकडे आहे, पान सुटलेलं, दोऱ्यानं शिवलेलं. बंड्याच्या आईला वाचायला दिलं. परत येईल का, शंका आहे.

तरी जाताना विचारलंच तिनं, "पण एबीसीडी कधी?"

२७ मे, मंगळवार

यंदा पावसानं मेमध्येच गाठलं. मृगाचे किडे मृगाची वाट न पाहता बाहेर पडले, लाल मखमलीचे. पोरांना हातावर घेऊ दिले. हात लागला की पाय आत ओढून गोळा होतात, वाट पाहिली की पुन्हा चालू लागतात. गोट्याला वाट पाहायला जमत नव्हतं. तो फुंकर मारायचा. ताईनं त्याचा हात धरून ठेवला आणि किडा चालला तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मग शेतात. भेगा नाहीत! जमीन सपाट, फुगलेली, पाय टाकला की चप्पल घेऊन बसणारी. चिंगी आपली जागा शोधत हिंडली. "माझा चमचा?"

बंड्या म्हणाला, "जमिनीनं खाल्ला."

"जमिनीला दात नसतात."

"गिळला."

त्यावर घरी येईपर्यंत वाद. काळ्या मातीबद्दल शेतकी कॉलेजात जे शिकवतात, ते ह्या दोघांना तीन आठवड्यांत डोळ्यांनी दिसलं. त्याला नाव पुढे कुणीतरी देईलच.

कपड्यांचं एक इथेच लिहून ठेवते, कारण सगळ्या आयांना सांगावं लागतं. काळ्या मातीचा डाग ओला घासायचा नाही. वाळू द्यायचा, झटकायचा, ब्रशनं उडवायचा आणि मग थंड पाण्यात. तरी राहतोच. म्हणून खेळायचा जोड वेगळा, जुना. नव्या फ्रॉकमध्ये पाठवलेली पोरगी दिवसभर फ्रॉक सांभाळते, खेळत नाही.

१० जून, मंगळवार

पाऊस गेला, पुन्हा उघडीप. मृग लागला, पण कोरडा. घरोघर कापसाच्या बियांची पाकिटं येऊन पडलीत.

बंड्याच्या आजोबांनी मोठ्या प्रेमानं मूठभर सरकी आणून दिली, "पोरांना लावू दे कुंडीत." मी घेतली आणि ते गेल्यावर कागदात बांधून परत पाठवली. विकतच्या सरकीला औषध चोळलेलं असतं, म्हणून तर ती रंगीत दिसते. ठमीच्या तोंडात एक बी गेलं तर? पोरांसाठी बी स्वयंपाकघरातलं: मूग, मटकी, चवळी, मेथी. चवळी सगळ्यात बरी. दाणा मोठा, चिमटीत येतो, आणि कोंब फुटताना दोन दळं डोक्यावर घेऊन वर येतो ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. गोट्यानं आपली चवळी दिवसातून दहादा उकरून पाहिली. ती चवळी कुजली. दुसरी दिली.

अंगणाची सकाळची फेरी मी पोरं यायच्या आधी करते, हातात काठी. दगड, विटा, लाकडांचा ढीग काठीनं हलवून बघायचा. कुंपणाकडेला धोत्रा उगवला की उपटायचा. पिवळी कण्हेर शेजाऱ्यांच्या हद्दीत होती, तिची बी विषारी. त्यांच्या हातापाया पडून काढून घेतली. एरंड, गुंजा, दोन्ही वर्ज्य. गुंजेचा लाल-काळा दाणा पोरांना मण्यासारखा वाटतो, म्हणून जास्तच भीती. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते. हे सगळं काढल्यावर जे उरतं त्यात पोरांना मोकळं सोडायचं. आधी काढायचं, मग सोडायचं. पोरांच्या मागे दिवसभर "हे नको, ते नको" करत हिंडायचं नाही.

गुडघे फुटतात. हळद लावते. पडण्याची भीती घालवण्याचं औषध पडण्यातच आहे, पण हे आयांना फोनवर सांगता येत नाही.

१९ जून, गुरुवार

आज मन लागलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पेरण्यांची धांदल. पोरांना घेऊन बांधाकडून परत येत होते. बाभळीला साडीची झोळी बांधलेली, आत तान्हं. झोळीची दोरी धरून सात-आठ वर्षांची मुलगी. आई लांब सरीत बी टोबत होती. शाळा सोमवारीच उघडल्या. मी मुलीला विचारलं, "शायामा नही गई?" ती म्हणाली, "बायले कोन देखी?" म्हणजे बाळाला कोण बघेल.

माझ्या पुण्याच्या भाचीसारखी शहरातली माणसं म्हणतात, की खेड्यातली पोरं निसर्गातच वाढतात, त्यांना काय वेगळं करायचं. ही बाभूळ, ही माती, डोक्यावर सुगरणीचा अर्धा विणलेला खोपा, सगळा निसर्ग हजर होता तिथे. आणि खेळत कुणीच नव्हतं. तान्हं झोळीत झोपलेलं, मुलगी दोरीला बांधल्यासारखी, आईची पाठ वाकलेली. माती फुकट आहे हो, पण पोराकडे बघायला एक मोकळं माणूस लागतं, ते फुकट नाही. त्या मुलीच्या बालपणातून ते वळतं करून घेतलं जातं.

ताराबाई-अनुताईंना हे कळलं होतं. कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती ह्यासाठीच. धाकटं पाळणाघरात राहिलं की थोरली शाळेत बसू शकते. मधल्या सुट्टीत येऊन बघून जाते. किती साधी गोष्ट! आता सरकारचीही पाळणा योजना आहे, २०२२ पासून, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. २०१७च्या कायद्यानं पन्नास माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. पण सरीत बी टोबणाऱ्या बाईच्या मालकाकडे पन्नास माणसं कुठून असणार? आज ह्या वावरात, उद्या त्या.

मी त्या बाईला म्हटलं, मुलीला शाळेत पाठव, तान्ह्याला माझ्याकडे आणून सोड. ती हसली. "पैसे?" म्हटलं, नको. मग ती जास्तच संशयानं बघायला लागली. बरोबर आहे तिचं. नाव-गाव विचारून ठेवलंय.

२२ जुलै, मंगळवार

भाचीनं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. जंगलातली शाळा. पोरं गमबूट घालून चिखलात, मागे तीन ताया, गळ्यात शिट्टी. फी वर्षाची, आकडा बघून मी चष्मा पुसला.

हसण्यावारी नेत नाही. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात एक बाई, एला फ्लातौ, आपली आणि शेजारणींची पोरं घेऊन रोज रानात जायला लागली, त्यातून तिकडच्या रानशाळा निघाल्या. त्याही आधी, १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मॅकमिलन बहिणींनी गरीब वस्तीतल्या आजारी पोरांसाठी उघड्या हवेतली शिशुशाळा काढली. बागेत खेळ, पोटभर जेवण, दुपारची झोप. म्हणजे ह्या कल्पनेची सुरुवात गरिबांच्या पोरांपासून झाली, आणि पुण्यात ती पोचली गमबुटासकट. गमबूट नसता तर चिखल तळपायाला कळला असता, एवढीच माझी तक्रार.

५ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी आमची खान्देशी देवी कानबाई बसली, काल विसर्जन. आज अंगणात पुन्हा कानबाई!

मी काही सुचवलं नव्हतं. ताईनं नारळाची करवंटी आणली. तिला चिखलाचं नाक, दोन चिंचोक्यांचे डोळे, बाभळीच्या शेंगेची नथ. पाटाऐवजी वीट. ठमीच्या अंगावरचं फडकं ओढून कानबाईला साडी. ठमीनं आरडाओरडा केला, तेव्हा तिला कडुनिंबाच्या डहाळीची लाच. बंड्यानं डबा वाजवला. चिंगीनं मातीचे रोट थापले आणि जाहीर केलं, की "हे फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्यांना नाही." रोटाचा हा नेम घरी कुणी तिला समजावून सांगितला असेल असं वाटत नाही. पाहिलं असणार. मग प्रश्न आला, गोट्या घरचा की बाहेरचा? तो उशिरा आलेला.

भांडण जुंपलं. मी पाटावरून हलले नाही. ताई म्हणाली, "त्याला भाचा करू." चिंगी म्हणाली, "भाच्याला चालत नाही." बंड्यानं डबा थांबवून तोड काढली: गोट्या देव आणणारा. देव आणणाऱ्याला तर द्यायलाच लागतो. मग करवंटी गोट्याच्या डोक्यावर आणि मिरवणूक हौदापर्यंत. इथे मात्र मी उठले आणि त्यांच्याबरोबर चालत गेले. विसर्जन घमेल्यात.

गोट्या आला तेव्हा शब्द जेमतेम दहा-वीस बोलायचा. आज मिरवणुकीत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होता. त्याच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "घरी तर मला म्हणतो बाजूला हो!"

१३ ऑगस्ट, बुधवार

बालकवींची जयंती. गावात फोटोला हार, शाळेत भाषणं. १८९० साली ह्याच धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मला. वडील पोलिसात, त्यामुळे आज ह्या गावी, उद्या त्या. १९०७ला जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली तेव्हा पोरगा सतरा वर्षांचाही पुरता नव्हता. आणि १९१८च्या मेमध्ये भादली स्टेशनावर रेल्वेखाली गेला.

फुलराणी पाठ करून घ्यायची टूम दरवर्षी निघते. हातवारे शिकवून, फ्रॉक घालून स्टेजवर. ताईच्या आईचा निरोप आला, "मावशी, तेवढी घ्या ना करून." नाही घेतली. त्याऐवजी सकाळी सहा वाजता, दव असताना, सगळ्यांना गवतात नेलं. अनवाणी. बंड्यानं पाय उचलून उचलून पाहिले. आघाड्याचे तुरे फ्रॉकला चिकटले ते चिंगीनं एकेक काढून मोजले. गोट्या रुसून बसला, गवत ओलं म्हणून. रुसू दिलं. कविता पुढे येतील शाळेत, तेव्हा दव म्हणजे काय हे पुस्तकातून समजावून घ्यायला लागू नये, एवढाच माझा स्वार्थ.

येताना फाटकापासून बरंच लांब थांबून सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी पाहिली. डबे मोजताना सगळ्यांचे आकडे वेगळे आले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. बाजारात साच्यातले रंगीत बैल आलेत, जोडी देखणी. आम्ही आपले हातानं केले.

माती आदल्या दिवशी भिजवून ठेवावी लागते. नुसती काळी घेतली तर वाळताना तडकते, म्हणून थोडी राख आणि बारीक वाळू मळते. पायांनी तुडवायचं काम पोरांचं. त्यातच निम्मा वेळ आणि नव्वद टक्के आनंद. बंड्याच्या बैलाला पाच पाय झाले. ताई हसली. तो म्हणाला, "एक शेपूट होती, ती खाली बसली." चिंगीचा बैल उभाच राहीना; पाय बारीक, धड जड. तिनं पाय जाड केले, तरी कलला. मग पोट कमी केलं. राहिला! त्या बैलाला मान नाही, शिंगं नाहीत, पण तो उभा आहे, आणि चिंगी त्याच्याकडे अशी बघत होती की मला दुसरीकडे बघावं लागलं.

ठमीनं मातीचा गोळा चाटला. पुसला. राख होती, काही नाही.

बंड्याच्या आजीनं पाच पायांचा बैल बघितला. वाटलं, आता बोलेल. म्हणाली, "पाच पाय ते पाच पाय. जोरात पयी." आणि पुरणपोळीचा नैवेद्य ह्याच बैलाला दाखवायचं कबूल करून घेऊन गेली.

बंड्या झोक्यावर आता उभा राहून झोके घेतो. कधी बसायला लागला ते माझ्या वहीत नाही. बहुतेक कुणी बघत नसताना.

११ सप्टेंबर, गुरुवार

भुलाबाई बसल्यात. संध्याकाळी गल्लीतल्या मोठ्या मुली गाणी म्हणून झाली की खाऊ ओळखायला डबा वाजवतात. आमच्या पोरांनी दुपारी तोच खेळ काढला: डब्यात चिंचोके, मग खडे, मग वाळू, मग काहीच नाही. रिकामा डबा वाजवून गोट्यानं विचारलं, "काय?" सगळे गप्प. ठमी म्हणाली, "ना." तिचा हा पहिला शब्द असावा, तिच्या आईच्या मते पहिला "आई" होता, तोही लिहून ठेवते.

जूनमधली ती बाई परवा स्वतःहून आली. कडेवर तान्हं, मागे दप्तर घेतलेली मुलगी. पोटाशी धरून विचारलं, "आते चाली का?" म्हटलं, चालेल. पण सहावं पोर, तेही तान्हं, आलं की मी एकटी पुरत नाही. अंगणवाडीत पोरं चाळीस आणि आम्ही दोघी होतो खरं, पण तेव्हा पायही माझे चाळिशीतले होते. गल्लीतली एक सून, बारावी झालेली, मागेच विचारत होती काम आहे का म्हणून. तिला बोलावलं.

आल्या आल्या तिनं सगळ्यांना गोल बसवलं आणि टाळ्या वाजवत हातवाऱ्यांची गाणी सुरू केली. वाईट नव्हती. पोरंही दहा मिनिटं बसली. मग एकेक उठून मातीकडे. ती मला म्हणाली, "काकू, ऐकत नाहीत. मी काय करू?"

"बस."

"नुसती?"

"नुसती नाही. कोण कुठे आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण भांडणाच्या बेतात आहे, कुणाला शू लागलीय पण खेळ सोडवत नाही, हे बघायचं. हाक मारली तर जायचं. नाही मारली तर जायचं नाही. रक्त आलं, विंचू दिसला, पाण्याकडे कोणी निघालं, तर हाकेची वाट बघायची नाही."

तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे तर दमवणारं आहे." पहिल्याच दिवशी कळलं, म्हणजे टिकेल.

पैशांचं स्पष्ट केलं. पाच घरांकडून दोन-दोन हजार येतात. त्यातले चार तिला, बाकीच्यांत खाऊ, दोर, हळद आणि मी. वावरातल्या बाईकडून काही नाही; ती अधूनमधून गिलकी आणून देईन म्हणते. चालतील, पोरांना त्यांची भाजी आवडते. सुनेला चार हजार कमी वाटले, ते आहेतच. आयांशी बोलून दिवाळीनंतर वाढवायला लागतील, आणि बंड्याची आई सगळ्यात आधी कुरकुरेल, पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.

उद्यापासून ती आठला येईल. ओसरीवर खुर्ची मागत होती. म्हटलं, खुर्ची नको, पाट घे. खुर्चीवरून ठमी काय चघळतेय ते दिसत नाही.